दूरचा क्लब, जवळचे मैदान

युरोपातील क्लब फुटबॉलचा प्रेक्षक आता युरोपापुरता उरलेला नाही. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीन वाजता सामना सुरू होतो, तेव्हा हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा आणि भारतात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. अमेरिकेतील चाहता न्याहारीच्या वेळी, तर भारतातील चाहता जेवणाच्या वेळी दूरचित्रवाणीसमोर बसतो. मुंबई-पुण्यातील घरांत जो सामना दिसतो, तोच भिलाईच्या पोलाद वसाहतीतील सेक्टरांतही दिसतो. मात्र या दूरस्थ प्रेक्षकाचे त्या खेळाशी नेमके नाते कोणते, आणि त्याच्या स्वतःच्या गावातील खेळाला त्यातून काय मिळते, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत अधिक टोकदार झाला आहे.

ऑक्टोबर २०२५ मधील एका घडामोडीने हा प्रश्न ठळकपणे पुढे आणला. व्हिलारेयाल आणि बार्सिलोना यांच्यातील स्पॅनिश लीगचा सामना अमेरिकेतील मायामी येथे खेळवण्याची योजना आखली गेली होती. स्पेनमधील खेळाडूंनी आणि चाहत्यांनी तिला विरोध केला. सामना सुरू झाल्यावर पहिले काही क्षण खेळाडू निषेध म्हणून निश्चल उभे राहिले आणि अखेर योजना गुंडाळली गेली. असा प्रयत्न नवा नव्हता. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २००८ मध्ये परदेशात एक जादा फेरी खेळवण्याचा विचार मांडला होता, तोही विरोधामुळे मागे पडला. अमेरिकी बाजारपेठेचे आकर्षण मात्र कमी झालेले नाही. मिशिगनमध्ये ऑगस्ट २०१४ मध्ये मँचेस्टर युनायटेड आणि रेआल माद्रिद यांच्यातील केवळ सरावाच्या सामन्याला १ लाख ९ हजारांहून अधिक प्रेक्षक उपस्थित होते.

दूरचित्रवाणीने घडवलेला चाहता

हा चाहतावर्ग प्रामुख्याने दूरचित्रवाणीने निर्माण केला. अमेरिकेत एनबीसी या वाहिनीने २०१३ पासून प्रीमियर लीगचे नियमित प्रक्षेपण हाती घेतले. भारतात १९९० च्या दशकात केबल वाहिन्यांचे जाळे पसरले आणि त्याआधी चार वर्षांतून एकदा विश्वचषकाच्या निमित्ताने फुटबॉल पाहणारा प्रेक्षक दर आठवड्याला फुटबॉल पाहू लागला. या व्यवस्थेतील एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. मैदानावरील गर्दी घटू नये म्हणून ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत सामन्यांचे थेट प्रक्षेपण करण्यास मनाई आहे. त्यामुळे मँचेस्टरच्या रहिवाशाला जो सामना घरी बसून पाहता येत नाही, तो न्यूयॉर्क किंवा नागपूर येथील चाहता निर्वेधपणे पाहू शकतो.

प्रेक्षकांपाठोपाठ भांडवलही आले. मँचेस्टर युनायटेड २००५ मध्ये आणि लिव्हरपूल २००७ मध्ये अमेरिकी मालकीखाली गेले. आज प्रीमियर लीगमधील जवळपास निम्म्या क्लबांत अमेरिकी भांडवल आहे. जर्मनीने मात्र वेगळी वाट चोखाळली. काही अपवाद वगळता तेथील क्लबांत मताधिकाराचे बहुमत सभासदांकडे राहील, असा तेथील लीगचा नियम आहे. एप्रिल २०२१ मध्ये बारा बड्या क्लबांनी युरोपियन सुपर लीगची घोषणा केली, तेव्हा इंग्लंडमधील चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांच्या आत सहाही इंग्लिश क्लबांना माघार घ्यावी लागली. रस्त्यावर उतरण्याची ही शक्ती स्थानिक चाहत्याकडे आहे. दूरच्या चाहत्याच्या हाती आहे ती केवळ वर्गणी भरण्याची किंवा न भरण्याची मोकळीक.

या संदर्भात महाराष्ट्राला एक उलटा अनुभवही आहे. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा जुना इंग्लिश क्लब विकत घेतला. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या फुटबॉल लीगच्या संस्थापक सदस्यांपैकी तो एक आणि १९९४-९५ चा प्रीमियर लीग विजेता. २०११ मध्ये हा संघ पुण्यात येऊन मैत्रीपूर्ण सामनाही खेळून गेला. परंतु २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून बाहेर पडला आणि २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला, तेथून तो पुढील वर्षी दुसऱ्या श्रेणीत परतला. ब्लॅकबर्नच्या चाहत्यांनी मालकांविरुद्ध वारंवार निदर्शने केली. सात समुद्रांपलीकडे बसलेल्या मालकाला आपल्या गावाची नाडी कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. क्लब ही विकत घेता येणारी वस्तू असली, तरी त्याभोवतीचा जिव्हाळा खरेदीखतात येत नाही, हेच यातून दिसून आले.

कारखान्यांतून जन्मलेले क्लब

भिलाईच्या वाचकाला या चर्चेत एक दुवा सहज सापडेल. आज जगभर ज्यांचे चाहते आहेत, त्यांपैकी अनेक क्लब कामगारांच्या वस्तीत जन्मले. लंडनच्या पूर्व भागातील थेम्स आयर्नवर्क्स या लोखंडी जहाजबांधणीच्या कारखान्यातील कामगारांसाठी १८९५ मध्ये संघ स्थापन झाला, तोच पुढे वेस्ट हॅम युनायटेड झाला. त्याच्या बोधचिन्हावर आजही दोन हातोडे आहेत. मँचेस्टर युनायटेडचा आरंभ १८७८ मध्ये रेल्वेच्या डबेबांधणी कारखान्यातील कामगारांनी केला. आर्सेनलची मुळे १८८६ मध्ये वूलिच येथील शस्त्रास्त्र कारखान्यात सापडतात. नेदरलँड्समधील पीएसव्ही आइंडहोवन हा फिलिप्स कंपनीच्या कामगारांचा संघ होता.

भिलाईही अशीच कारखान्याभोवती वसलेली नगरी. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या या पोलाद प्रकल्पाच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. देशाच्या सर्व प्रांतांतून, विदर्भातूनही, माणसे येथे आली. भारतीय रेल्वेचे रूळ येथे घडतात. पाळ्यांमध्ये चालणारे काम, एकाच आवारात राहणारी कुटुंबे, नियोजित वसाहत, म्हणजे ज्या मातीत इंग्लंडमध्ये क्लब रुजले तीच माती. तरीही इंडियन सुपर लीगमध्ये छत्तीसगडचा एकही संघ नाही. शेजारच्या झारखंडमधील जमशेदपूर या दुसऱ्या पोलादनगरीत मात्र १९८७ मध्ये टाटा फुटबॉल अकादमी सुरू झाली आणि तीन दशकांनंतर, २०१७ मध्ये, त्या शहराचा संघ सुपर लीगमध्ये दाखल झाला. आधी मुले घडवली, मग संघ उभा राहिला, हा क्रम महत्त्वाचा आहे.

अमेरिकेचा धडा

दूरचे क्लब पाहिल्यामुळे जवळचा खेळ मरतो, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. अमेरिकेचा अनुभव त्याला पूर्णतः दुजोरा देत नाही. १९९४ च्या विश्वचषकाचे यजमानपद स्वीकारताना अमेरिकेने व्यावसायिक लीग सुरू करण्याचे वचन दिले होते. ते १९९६ मध्ये दहा संघांच्या मेजर लीग सॉकरने पूर्ण झाले. २०२५ मध्ये या लीगमध्ये तीस संघ होते. महिला संघाने तर चार वेळा विश्वचषक जिंकला. सकाळी लिव्हरपूल पाहणारा अमेरिकी चाहता सायंकाळी आपल्या शहराच्या संघासाठी मैदानावर जाऊ शकतो, कारण तेथे संघ आहे, मैदान आहे आणि आठवड्याचे ठरलेले वेळापत्रक आहे.

भारतात नेमकी हीच बाजू दुबळी आहे. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. पुण्याचा एफसी पुणे सिटी हा संघ २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या समूहाने त्याच वर्षी मुंबई सिटी एफसीमध्ये बहुसंख्य भागभांडवल घेतले, संघाने विजेतेपदेही पटकावली, परंतु लीगच्या भवितव्याविषयीच्या अनिश्चिततेचे कारण देऊन डिसेंबर २०२५ मध्ये हा समूह बाहेर पडला. त्याआधी नोव्हेंबरमध्ये लीगच्या व्यावसायिक हक्कांसाठी काढलेल्या निविदेला एकही बोली आली नव्हती. एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होणारा हंगाम २०२५ मध्ये सुरूच होऊ शकला नाही. जुलै २०२५ मध्ये भारतीय पुरुष संघ जागतिक क्रमवारीत १३३ व्या स्थानी घसरला होता. ज्या देशातील चाहते युरोपीय क्लबांसाठी रात्रीचा दीड वाजेपर्यंत जागतात, त्या देशाच्या लीगला खरेदीदार मिळू नये, यातील विरोधाभास बोलका आहे.

तथापि, चित्र सर्वत्र निराशाजनक नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब असे पेठांचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात, तेव्हा गॅलरी भरून जाते. तेथील तरुण विश्वचषकाच्या काळात ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे ध्वज लावतो, पण पेठेच्या संघाशी असलेली त्याची निष्ठा त्यामुळे पातळ होत नाही. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघातून खेळला. छत्तीसगडमध्येही बस्तर विभागातील नारायणपूर येथे रामकृष्ण मिशनच्या मैदानावर २०२४ मध्ये वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा झाली. महानगरांपासून दूर असलेले गावही राष्ट्रीय स्पर्धा भरवू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

दूरच्या क्लबावर प्रेम करणे हा दोष मानण्याचे कारण नाही. या चाहत्याला खेळाची जाण आहे, डावपेच समजतात, पैसे आणि झोप खर्च करण्याची त्याची तयारी आहे. त्याला घराजवळ बोलावणारे काही नाही, ही खरी उणीव आहे. ती भरून काढण्यासाठी अब्जावधींच्या लीगची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. शाळांचे संघ, वसाहतींतील सेक्टरांच्या आपसांतील स्पर्धा, प्रशिक्षित पंच आणि दर आठवड्याला न चुकता होणारे सामने, एवढ्यापासून आरंभ होऊ शकतो. राज्य संघटना, पोलाद प्रकल्पासारखे सार्वजनिक उपक्रम आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी मनावर घेतल्यास हे आवाक्याबाहेरचे नाही. थेम्सकाठच्या लोहारांनी १८९५ मध्ये याहून फारसे अधिक काही केले नव्हते.