वाचनालयात मल्टिमीटर

वाचनालयात मुलांना हाताने वस्तू जोडायला एक कोपरा हवा. पण वाचनालयाने मुलांना पुस्तके द्यावीत, सर्किट जोडायला शाळा आणि क्लास आहेत, असे म्हणणाऱ्यांची तळमळ खरी आहे. वाचन आटत चालले असताना उरल्यासुरल्या जागेत तारा आणि मोटारी नकोत, ही त्यांची भीती. पण स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत मुले स्वतःचीच पुस्तके घेऊन बसतात; वाचनालयांनी व्याख्यानमालाही चालवल्या. त्याने ग्रंथांचे काही बिघडले नाही. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सूत्ररूपाने मांडले होते. हेलसिंकीच्या २०१८ मध्ये उघडलेल्या ऊडी ग्रंथालयात पुस्तकांसोबत शिलाई यंत्रे आणि थ्रीडी प्रिंटर आहेत.

दुसरा आक्षेप असा, की हे काम शाळांत होतेच. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेला प्रयोगशाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, सहावी ते बारावीची मुले तिथे शिकतात. योजना चांगलीच आहे. पण ज्या शाळेची निवड झाली नाही तिथल्या मुलाने, किंवा चौथीतल्या मुलीने कुठे जायचे? पिंपरी-चिंचवडमधल्या रहाटणीत भाड्याच्या खोलीत राहून भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या आईबापांना रोबोटिक्स क्लासची फी झेपत नाही. सार्वजनिक वाचनालयात मात्र कोणत्या शाळेचा, हे विचारले जात नाही.

मग खर्चाचे काय? याचे उत्तर पुणे परिसरानेच दिले आहे. अरविंद गुप्ता हे पुण्याच्या टेल्को या वाहन कारखान्यात अभियंते होते. १९७८ मध्ये ते रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण उपक्रमात गेले आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी मुलांसाठी मेकॅनो तयार केला. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून असंख्य खेळणी घडवली. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणे हाच तिथला पाया. संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याच्या कार्यशाळा म्हणजे फॅब लॅब; जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये तिथेच उभी राहिली, एका खेड्यात.

म्हणून रहाटणीसारख्या भागात सुरुवात महागड्या यंत्रापासून करूच नये. शिकवणारा नसेल तर थ्रीडी प्रिंटर धूळच खाणार. आधी माणूस शोधावा, आणि इथे तो सापडणे अवघड नाही: कारखान्यांतून निवृत्त झालेले फिटर, टर्नर, टूलरूममधले कारागीर आसपासच राहतात. शनिवारी दुपारी दोन तास, पंधरा मुले, पुठ्ठा, एलईडी, बॅटरी, लहान मोटार. मोबाइलवर दुसऱ्याने केलेले पाहत बसणारे मूल इथे बंद पडलेला पंखा का फिरत नाही, हे स्वतः शोधील. आवाजाचा त्रास नको म्हणून अभ्यासिकेपासून वेगळी खोली असावी. टेबलाशेजारच्या कपाटात विजेवरची मराठी पुस्तके हवीत आणि पुस्तकासारखाच, विजेची मोजमापे घेणारा मल्टिमीटरही वाचकपत्रावर आठवडाभर घरी नेता यावा. शिकवणाऱ्या कारागिरांच्या मानधनाची तरतूद महापालिकेने वाचनालयांच्या खर्चातच करावी.