पासवर्ड नाही, म्हणून लस नाही

आमच्या ओपीडीत केसपेपर काढायच्या लिनक्स संगणकावर कित्येक महिने रोज सकाळी एकच चौकट यायची: अपडेट उपलब्ध आहेत, ॲडमिनचा पासवर्ड टाका. पासवर्ड कंत्राटदाराच्या माणसाकडे, तो दुसऱ्या गावात. खिडकीबाहेर रांग. ताई 'नंतर' दाबायच्या. मीही तेच केले असते.

या 'नंतर'ची किंमत ब्रिटनने मोजली आहे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' पसरला, तेव्हा त्यावरचा विंडोजचा अपडेट येऊन दोन महिने होत आले होते. तरी इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना फटका बसला, हजारो रुग्णांच्या वेळा रद्द झाल्या.

लिनक्स म्हणजे अभेद्य, हा समज आपल्याकडे फार. जानेवारी २०२२ मध्ये उघड झालेले 'पॉनकिट' आठवा. कोणाला कोणता अधिकार द्यायचा हे ठरवणाऱ्या पॉलकिटमध्येच हे भोक होते, तेही २००९ पासून. साधा वापरकर्ता त्यातून थेट ॲडमिन होऊ शकत होता. म्हणजे ज्या ताईंना अपडेट करायची परवानगी नाही, त्यांच्या खात्यात शिरलेल्या चोराला मात्र सगळे मोकळे.

मग सर्वांनाच मुभा द्यावी का? नोव्हेंबर २००९ मध्ये फेडोरा १२ ने अधिकृत सहीची नवी पॅकेजेस पासवर्डविना बसवू दिली. ओरड झाली, काही दिवसांत निर्णय फिरवावा लागला. ते योग्यच झाले. पण नवे पॅकेज आणि असलेल्याचा अपडेट, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वॉर्डात नवे औषध डॉक्टरच्या सहीशिवाय सुरू होत नाही. लिहून दिलेल्या औषधाचा पुढचा डोस सिस्टर देतातच. पॉलकिटमध्ये हा फरक करून ठेवता येतो.

काही हुशार निवासी डॉक्टर नवी आवृत्ती आपल्या होम फोल्डरमध्ये बसवून घेतात. त्यांचे काम भागते, यंत्रणेतली जुनी फाइल तशीच राहते. आपण मच्छरदाणीत झोपायचे आणि अळ्यांचे पिंप तसेच ठेवायचे, त्यातला प्रकार.

उबंटूत सुरक्षेचे अपडेट कोणी लॉगिन न करताही आपोआप बसण्याची सोय आहे. आमच्याकडे ती बंद होती. एकदाच पासवर्डवाल्याला बोलावून ती चालू करून घेतली. नवा कर्नल मात्र संगणक पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही. म्हणून ओपीडी संपली की ताई आता तो रोज बंद करतात.