मुलाला पालीपाशी थांबू द्या

"शी! हात लावू नकोस, विषारी असते ती." भिंतीवरच्या पालीकडे टक लावून बसलेल्या पोराला घरोघरी हेच ऐकू येतं, आणि पाठोपाठ झाडू येतो. पाल पडली की दुधाचं विष होतं, हे शिकल्यासवरल्या घरांतही मानलं जातं. भारतातली एकही पाल विषारी नाही. सरडा नाही, सापसुरळीही नाही. पालीच्या अंगावर जंतू असतात, म्हणून ते दूध टाकावंच. पण घाण वेगळी आणि विष वेगळं, एवढं मुलाला सांगायला काय हरकत आहे?

यावर म्हणतात, आज पालीची भीती घातली नाही तर उद्या हेच पोर फुरशावर हात ठेवील. मुद्दा हलका नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कातळावरच्या दगडाखाली हातभर लांबीचं फुरसं बसलेलं असतं, आणि त्याचा दंश जीव घेऊ शकतो. पण सरसकट भीती नेमकी इथेच कुचकामी ठरते. पाल आणि फुरसं सारखंच वाईट म्हणून सांगितलं, आणि पालीने काहीच केलं नाही हे पोराला दिसलं, की आपल्या सगळ्याच सांगण्यावरचा त्याचा विश्वास उडतो. दगडाखाली हात घालायचा नाही. फुरसं अंगाचे वेढे एकमेकांवर घासून खरखर आवाज काढतं, तो ऐकला की मागे सरायचं. शांतपणे पाहायची सवय असलेल्या मुलाला हे लगेच पटतं.

फोटोसाठी मुलांच्या हातात बेडूक देणारे हौशी लोकही मला तितकेच खटकतात. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो. सॅनिटायझर लागलेला आपला हात त्याला सोसत नाही. बुलबुलाचं पिल्लू घरी आणून दूध पाजणं हा तर दयेच्या नावाखाली केलेला घात. पक्ष्याला दूध पचत नाही. शिवाय पिसं फुटलेलं, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारं पिल्लू बहुधा अनाथ नसतंच. आईबाप जवळपास असतात, माणसं हलायची वाट पाहत. मांजराचं भय असेल तर ते शेजारच्या झुडपात ठेवावं आणि लांब जावं. माणसाचा हात लागला की आई टाकते, हेही खोटं.

मुलाने पाहावं, भरपूर वेळ पाहावं. ट्यूबलाइटपाशी पाल का येते? किडा किती जवळ आला की झेपावते? तुटलेली शेपटी वळवळत राहते, शत्रू तिच्यात गुंततो आणि पाल निसटते. मग नवी शेपटी जुनीसारखीच येते का? शेजारी मोठं माणूस हवं, पण उत्तराची घाई नसलेलं, आणि माहीत नसेल तर तसं सांगणारं.

पावसाळ्याच्या तोंडाशी, पहिल्या जोरदार सरींनंतर, एरवी मातकट दिसणारे मोठे नर बेडूक पिवळेजर्द होतात आणि गळ्याशी निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात. हा सोहळा फार दिवस टिकत नाही. त्या संध्याकाळी क्लास बुडाला तर बुडू द्या. पायांत गमबूट चढवा, टॉर्च घ्या आणि पोराला डबक्याच्या काठाशी घेऊन जा.