नव्या नगरसेवकांपुढचे जुने बिल

राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींना अखेर लोकांनी निवडलेले कारभारी मिळाले. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झाले, काही ठिकाणी ते २० डिसेंबरवर गेले आणि २१ तारखेला निकाल लागले. त्याआधीची तीन-चार वर्षे बहुतेक गावांत प्रशासकराज होते. विषय मांडणारा अधिकारी तोच आणि मंजुरी देणाराही तोच. आता गुलाल धुऊन झाला आहे. सर्वसाधारण सभा भरू लागतील आणि त्यांच्या विषयपत्रिकेवर स्वागतकमान, चौक सुशोभीकरण, हायमास्ट आणि पेव्हर ब्लॉक ही मंडळी पहिल्या रांगेत बसतील. जॅकवेलच्या पंपांचे वीजबिल थकले आहे, हा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत’ सापडला तरी नशीब.

कमानीशी कुणाचे वैर असण्याचे कारण नाही. पण कमान सरकारी अनुदानातून एकदाच उभी राहते, पंप मात्र रोज चालवावा लागतो. वीज, तुरटी, गळणारे व्हॉल्व्ह, फुटलेली वाहिनी हा खर्च दर महिन्याचा. वित्त आयोगाच्या निधीतला वाटा सोडला, तर तो गावातूनच उभा करावा लागतो. लहान शहरांचे दुखणे इथे आहे. बांधायला बाहेरून पैसा मिळतो. चालवायला गावाकडे मागावा लागतो, आणि मागायची वेळ आली की निवडून आलेल्याची जीभ अडखळते.

पूर्वी परिस्थिती थोडी वेगळी होती. १९९९ मध्ये रद्द होईपर्यंत नगरपरिषदांना जकात मिळत होती. जकात हा काही गुणी कर नव्हता. नाक्यावरच्या रांगा, तडजोडी आणि चोरवाटा यांच्या कथा प्रत्येक गावात सापडतील. तरी तिच्यामुळे एक गोष्ट साधत होती. पेठेत माल वाढला की पालिकेच्या तिजोरीत लगेच भर पडायची, त्यामुळे पेठेचे बरेवाईट पालिकेला कळायचे. जकात गेली, तिच्या जागी सरकारचे सहायक अनुदान आले आणि नगराध्यक्षांची नजर पेठेवरून उठून मंत्रालयाच्या जिन्यावर खिळली. नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, अमृत अशा नावांनी पैसा येऊ लागला. तो कुठे खर्च करायचा हेही बरोबर ठरूनच येते. पंधराव्या वित्त आयोगाने तर दहा लाखांखालच्या शहरांच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला आणि लोकनियुक्त मंडळ नसेल तर अनुदान रोखण्याची अट घातली. निवडणुका लांबल्याचा भुर्दंड गावांना असाही बसला.

वाढ अंगावर कशी येते हे पाहायचे तर कुळगाव-बदलापूरकडे पाहावे. १९९२ मध्ये कल्याण महापालिकेतून वेगळे होऊन तिथे स्वतंत्र नगरपरिषद झाली. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या लाखाच्या किंचित आत होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. मुंबई-ठाण्यात घर न परवडणाऱ्या कुटुंबांनी त्यानंतर तिथे ज्या इमारती भरल्या, त्यांची सरकारी शिरगणती अजून व्हायची आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ मध्ये आहे. तोवर माणसे आजची आणि कागदावरचा आकडा २०११ चा. त्यातही बांधकामाला परवानगी देणार नगरपरिषद आणि पाणी पुरवणार महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. नळ कोरडा राहिला की लोक नगरसेवकाच्या दारात येतात आणि नगरसेवक हंडे घेतलेल्या त्याच लोकांसह प्राधिकरणाच्या कार्यालयावर मोर्चा नेतो. इमारत मंजूर करताना पाण्याचा हिशेब कोणी तपासला होता, हे त्या गर्दीत कुणी विचारत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे काही अपवाद वगळून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. गावोगावच्या वेगवेगळ्या नियमांचे जंजाळ गेले, हे चांगलेच झाले. लहान शहरांतही उंच इमारतींची वाट मोकळी झाली. मात्र चटईक्षेत्र वाढते मंत्रालयात आणि जलवाहिनीचा व्यास गावात होता तेवढाच राहतो. जिथे वाडा होता तिथे चाळीस सदनिका होतात आणि वाड्यासाठी टाकलेली वाहिनी त्या चाळीस घरांची तहान भागवायला निघते.

विकास आराखड्याचीही तीच गत. नकाशावर मंडई, शाळा, बाग, वाहनतळ यांची आरक्षणे रंगवलेली असतात. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या चोवीस महिन्यांत पालिकेने पावले उचलली नाहीत तर आरक्षण उडते. भूसंपादनाला पैसा नाही, हे कारण अनेकदा खरे असते. नोटिशीची मुदत कपाटात गुपचूप संपू देणे हाही अनेक गावांत ऐकू येणारा आरोप आहे. कारण कोणतेही असो, मंडईच्या जागी व्यापारी संकुल उभे राहते, भाजीवाल्या रस्त्यावर बसतात आणि काही वर्षांनी तीच पालिका त्यांच्या पाट्या अतिक्रमण म्हणून उचलते.

पाण्याच्या बाबतीत हलगर्जीची किंमत किती मोठी असते, हे इचलकरंजीने भोगले आहे. २०२२ मध्ये महापालिका होईपर्यंत पावणेतीन लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर नगरपरिषदच होते. यंत्रमागांनी गाव वाढवले, पण पंचगंगा नासत गेली. २०१२ मध्ये दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. पुढे वारणेचे पाणी दानोळीहून आणायचे ठरले, तेव्हा वारणाकाठची गावे विरोधात उभी राहिली. दूधगंगेवर सुळकूडची योजना आली, तेव्हा कागल भाग पेटून उठला. स्वतःच्या दारातली नदी गेली की शेजाऱ्याच्या नदीसाठी हात पसरावे लागतात आणि शेजाऱ्यालाही शेती असते. मनमाडची कथा निराळी. तिथे बारमाही नदी नाही, वर्षानुवर्षे भरवसा वागदर्डी धरणावर आणि पालखेड कालव्याच्या आवर्तनावर. एवढे मोठे रेल्वे जंक्शन, पण टंचाईच्या दिवसांत नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी येण्याची सवय गावाने पिढ्यान्‌पिढ्या लावून घेतली.

आता मलकापूर पाहा. साताऱ्यातल्या कऱ्हाडला खेटून, पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेले हे गाव २००८ मध्ये ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाले, पुढे नगरपरिषद. त्याच सुमारास जीवन प्राधिकरणाच्या मदतीने तिथे चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला आणि या कामाला लोकप्रशासनासाठीचा पंतप्रधान पुरस्कारही मिळाला. ‘चोवीस तास’ म्हटले की पाणी वाया जाणार, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात नासाडी होते ती तासभराच्या पाण्याने. पाणी कधी येईल याचा नेम नसल्याने तोट्या उघड्या राहतात. ताजे आले की कालचे शिळे म्हणून अंगणात ओतले जाते. ज्याची मोटार दणकट, तो शेजाऱ्याच्या वाट्याचे ओढतो. पाणी बंद झाले की रिकाम्या वाहिनीत दाब उरत नाही आणि फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरते. काविळीला वाट मिळते ती अशी. वाहिनी सदैव भरलेली असली की या चारही गोष्टींना आळा बसतो.

मलकापुरात हे जमले ते प्रत्येक जोडणीला मीटर बसवल्यामुळे आणि वापर वाढेल तसा दर वाढवत नेल्यामुळे. गरजेपुरते पाणी स्वस्त, बागेसाठी आणि गाडी धुण्यासाठीचे महाग. याउलट अनेक गावांत अर्धा इंची जोडणीला वर्षाची ठरावीक पाणीपट्टी असते. दोन खोल्यांतले कुटुंब आणि टेरेसवर पाच हजार लिटरची टाकी असलेला बंगला सारखेच पैसे भरतात. त्यालाच समानता म्हणायची प्रथा पडली आहे.

मलकापूर लहान, कोयना हाकेच्या अंतरावर, तिथले इतरांना कसे लागू पडेल, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. मनमाडला केवळ मीटर लावून पाणी येणार नाही, तिथे आधी दूरच्या धरणातून वाहिनी लागते. पण कृष्णा, गोदावरी, तापी यांच्या काठी बसूनही दिवसाआड पाणी भरणारी गावे काही कमी नाहीत. त्यांच्याकडे नदी आहे, टाकी आहे, अनुदानातून आलेले पंप आहेत. मीटर बसवायचा ठराव तेवढा सभेत तहकूब होत राहिला आहे.

घरपट्टीचे गाडेही असेच अडते. दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हावी, अशी कायद्याची अपेक्षा. आकारणीच्या नोटिसा निघाल्या की हरकतींचा ढीग, मग मोर्चा आणि शेवटी वरून स्थगिती, हा क्रम आता पाठ झाला आहे. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती आहे, म्हणून ती माफ करण्याची मागणी निवडणुकीच्या तोंडावर हमखास निघते. मुदतीत भरणारा मात्र आपण उगाच घाई केली असे म्हणत बसतो. दर वाढवण्याची धमक नसेल तर निदान नोंदी तरी पूर्ण कराव्यात. चढवलेला मजला, घराच्या ओसरीत काढलेले दुकान, राहायला गेलेले पण भोगवटा प्रमाणपत्र न घेतलेले फ्लॅट यांची आकारणी होत नाही आणि जुन्या आळीतली पेन्शनर मंडळी इमाने कर भरत राहतात.

पेठेतला पैसाही पालिकेच्या हातून निसटतो. पालिकेच्या गाळ्यांचे भाडे कधीकाळी काही शे रुपये ठरलेले असते, मूळ भाडेकरू पोटभाडेकरूकडून त्याच्या कितीतरी पट वसूल करतो आणि करार संपला तरी ताबा तोच. जळगावात २००३ पूर्वी नगरपालिका होती. तिथल्या दोन हजारांहून अधिक गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपली आणि त्यावरचा वाद महापालिकेच्या काळात दशकभर चालला. त्यात व्यापाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. ज्यांनी आयुष्य घालवून दुकानाला नाव मिळवले, त्यांना एका लिलावात उठवणे अन्यायाचे. पण बाजारभावाच्या आसपास भाडे घेऊन त्यांनाच गाळा देणे आणि जुन्या दराने कायमचा ताबा ठेवू देणे, यांत पुष्कळ मोकळी जागा आहे. दर तीन वर्षांनी भाडे वाढवणारा साधा करार वेळेत केला असता, तर प्रश्न कोर्टापर्यंत गेलाच नसता.

गाळेवाल्याला निदान वकील परवडतो. आठवडे बाजारात मेथीच्या जुड्या घेऊन बसणाऱ्या बाईला बैठक फीची पावती फाडणारा ठेकेदाराचा माणूस तेवढा भेटतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समिती सांगितली, तिच्यात ४० टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण सांगितले, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायला सांगितले. तीस हजारांच्या गावात हे साडेसातशे विक्रेते झाले. त्यांना बसायला ओटे, सावली, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह दिले तर पालिकेला हक्काची फी मिळते आणि मुख्य रस्ताही मोकळा राहतो. या समित्या अनेक गावांत कागदावरच राहिल्या.

लहान पालिकेला काही जमतच नाही, असे मात्र नाही. वेंगुर्ल्यासारख्या चिमुकल्या नगरपरिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना घरातच कचरा वेगळा करायला लावला, सुक्या कचऱ्याचे प्रकारवार वर्गीकरण केले, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात वापरला आणि जिथे लोक नाक दाबून जायचे तो डेपो पाहायला बाहेरगावची पथके येऊ लागली. यंत्रे महागडी नव्हती. रोज सकाळी घंटागाडीवर कचरा तपासून घेण्याची चिकाटी होती. अडचण अशी की मुख्याधिकारी हा राज्य सेवेतला अधिकारी. त्याची बदली होते आणि पद्धत रुजलेली नसेल तर तीही सोबत जाते. म्हणून अशा पद्धती सभेच्या ठरावांत आणि उपविधींत उतरवाव्या लागतात, आणि ते काम अधिकाऱ्याचे नव्हे, नगरसेवकांचे.

सरकारनेही हात राखून ठेवले आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अठरा विषय दिले, तरी अनेक गावांत पाणी दुसऱ्या यंत्रणेकडे. सभेचा ठराव जिल्हाधिकारी नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली रोखू शकतो आणि घरपट्टीवर मंत्री स्थगिती देऊ शकतो. गावाने पैसा उभा करावा असे सांगायचे आणि ते उभा करू लागले की हात धरायचा, हे थांबायला हवे. पाण्याची हमी असल्याशिवाय मोठ्या संकुलाला परवानगी नाही, असा नियम राज्यानेच केला तर एकट्या पालिकेवर बिल्डरांचा दबाव येणार नाही.

तोपर्यंत नव्या नगरसेवकांनी अर्थसंकल्पाच्या सभेत चार आकडे मागावेत. एक हजार लिटर पाणी घरापर्यंत पोचवायला किती खर्च येतो आणि त्यातला किती वसूल होतो. पाणीपुरवठा आणि पथदिव्यांचे किती महिन्यांचे वीजबिल थकले आहे. मुदत संपलेले गाळे किती आणि त्यांचे आजचे भाडे किती. आरक्षणाच्या जागांवर कलम १२७ च्या किती नोटिसा आल्या आणि त्यांची चोवीस महिन्यांची मुदत कधी संपते. हे चारही आकडे पालिकेच्याच दप्तरात, पाणीपुरवठा, लेखा, मिळकत आणि नगररचना या चार टेबलांवर आहेत. ते इतिवृत्तात नोंदवून नोटीस फलकावर लावायला निधी लागत नाही, मंत्रालयाची मंजुरीही लागत नाही.