फुफ्फुसातली धूळ आणि भरपाईची उतरंड



सैनिकाच्या नावावर मते मागणारे या देशात पायलीला पन्नास मिळतील. सीमेवर जवान पडला की मेणबत्त्या पेटतात, चौकाला नाव दिले जाते. पण जहाजाच्या बॉयलर रूममध्ये पंधरा-वीस वर्षे काढून घरी आलेला नौसैनिक साठीनंतर चार पायऱ्या चढताना धापा टाकू लागतो, तेव्हा तो कोणाच्याच खिजगणतीत नसतो. त्याला गोळी लागलेली नसते. त्याच्या फुफ्फुसात ॲस्बेस्टॉसची धूळ असते, आणि ती धूळ सरकारी सेवेत गेली हे सिद्ध करणारा कागद त्याच्याकडे नसतो. या धुळीचे राजकारण आंबेडकरी तरुणांनी नीट समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे. ते जळत नाही, उष्णता अडवते आणि स्वस्त असते. त्यामुळे वाफेवर चालणाऱ्या युद्धनौकांत बॉयलर, वाफेचे पाइप, टर्बाइन यांवर त्याचेच आवरण असायचे. दुरुस्तीसाठी हे आवरण फोडले की डोळ्यांना न दिसणारे तंतू बंद खोलीतल्या हवेत पसरतात आणि श्वासावाटे आत जातात. त्यातून ॲस्बेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कर्करोग किंवा मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, होतो. हे आजार वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी डोके वर काढतात. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो आणि जहाज भंगारात गेलेले असते. सगळ्या अन्यायाची मेख इथेच आहे.

हा विषय पुण्यापासून दूरचा नाही. नौदलाची इंजिन-बॉयलरची माणसे घडवणारी आयएनएस शिवाजी ही संस्था 1945 पासून आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याला आहे. वाफेवर चालणारी विक्रांत ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधायला घेतली गेली. ती 1961 साली आपल्या नौदलात आली आणि 31 जानेवारी 1997 रोजी निवृत्त झाली. 2014 साली ती मुंबईच्या दारूखान्यात तोडायला नेली गेली. तिच्या पोलादाचा अंश वापरून पुण्याच्या बजाज कंपनीने 2016 साली मोटारसायकल काढली आणि देशाभिमानाच्या जाहिरातीसह विकली. पोलादाला सन्मान मिळाला. पण विक्रांतच्या बॉयलरपाशी राबलेल्या आणि तिला गॅसकटरने कापणाऱ्या माणसांच्या छातीचे एक्स-रे कोणी काढले का, हा प्रश्न त्या जाहिरातीत नव्हता.

फ्रान्सची क्लेमांसो ही विमानवाहू नौका गुजरातमधल्या अलंगकडे निघाली, तेव्हा तिच्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून जगभर ओरड झाली. आपल्या सर्वोच्च न्यायालयात प्रकरण आले. फेब्रुवारी 2006 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी ती परत बोलावली आणि पुढे ती इंग्लंडमध्ये तोडली गेली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात अलंगच्या कामगारांची तपासणी होती. ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या 94 कामगारांपैकी 15 जणांच्या एक्स-रेमध्ये ॲस्बेस्टॉसिसशी जुळणाऱ्या खुणा सापडल्या. परक्या देशाच्या नौकेसाठी एवढी चर्चा झाली. आपल्या नौकांवरच्या आपल्या माणसांसाठी कधी होणार?

मडक्यावर मडके

आम्ही हे कसबा पेठेतून लिहितो आहोत. ज्या पेठेत कुंभारवाडा आहे, तिथे उतरंड म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मडक्यावर मडके, आणि सगळा भार तळच्यावर. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, कारण तिच्यात प्रत्येकाला आपल्याखाली कोणीतरी दिसतो आणि म्हणून सगळे एकत्र येत नाहीत. ॲस्बेस्टॉसच्या भरपाईतही हेच घडते. धूळ एकच, पण ती कोणाच्या छातीत गेली यावर कायदा ठरतो.

1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने ॲस्बेस्टॉसिसला व्यावसायिक आजार मानले. पण त्याच कायद्याच्या व्याख्येतून सशस्त्र दलातील व्यक्ती वगळली होती. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तेच केले. कारण सांगितले जाते की सैनिकांना वेगळे अपंगत्व निवृत्तिवेतन आहे. आहे खरे. पण ते मिळवायला आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला, हे ठरावे लागते. 2013 साली धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भरतीच्या वेळी नोंद नसलेला आणि पुढे ज्यामुळे सेवा सोडावी लागली असा आजार सेवेमुळेच झाला असे मानावे, आणि तसे नसल्याचे सरकारने सिद्ध करावे. निकाल मोलाचा आहे. पण धडधाकट निवृत्त होऊन तीस वर्षांनी खोकू लागलेल्या स्टोकरला त्याचा कितपत आधार?

त्याच्याखाली गोदीतला कंत्राटी कामगार. कंत्राटदार बदलला की हजेरीपट गायब. त्याच्याखाली दारूखान्यातला उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडातून आलेला जहाजतोड्या. आणि सर्वांत तळाशी ती बाई, जी नवऱ्याचे धुळीने माखलेले कपडे झटकून धूत होती. अशा बायकांनाही मेसोथेलिओमा झाल्याचे जगभरच्या वैद्यकांनी नोंदवले आहे. तिच्यासाठी कुठल्याच कायद्यात रकाना नाही.

नौदलातही जात होतीच. जहाजावरच्या सफाई कामगाराला 'टोपास' म्हणत. पुढे नाव बदलून 'हायजिनिस्ट' झाले, तरी भरतीच्या जाहिरातीत संडास-मोरी साफ करणे हेच काम लिहिलेले असे. आवरण फुटल्यावर खाली पडलेला भुसा कोणाच्या झाडूला येतो, हे आंबेडकरी वाचकाला आम्ही सांगायची गरज नाही.

नोंद नाही म्हणजे हक्क नाही

27 जानेवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून 40 वर्षे किंवा काम सुटल्यानंतर 15 वर्षे, यांतले जे नंतर येईल तोवर ठेवा, असे बजावले. बाधित कामगाराला 1 लाख रुपये भरपाई सांगितली. न्यायालयाने मर्म ओळखले होते: आजार उशिरा येतो, म्हणून नोंद दीर्घकाळ जिवंत राहिली पाहिजे.

प्रत्यक्षात काय झाले? मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या 181 कामगारांच्या तपासणीत सुमारे 22 टक्क्यांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच अभ्यासाने सांगितले की, देशात सुमारे 1 लाख कामगार या धुळीत असताना भरपाई मिळालेले 30 सुद्धा नव्हते. डॉक्टर क्षयरोग किंवा जुनाट खोकला लिहून मोकळे होतात. कारखान्यातल्या माणसाची ही गत, तर युद्धनौकेवरच्या माणसाची विचारायलाच नको. 2019 च्या जहाज पुनर्चक्रीकरण कायद्याने जहाजांत घातक पदार्थ वापरण्यावर बंदी आणली, पण ती बंदी युद्धनौकांना लागू नाही, असे सरकारनेच सांगितले. एका कायद्यातून सैनिक वगळला, दुसऱ्यातून त्याची नौका.

यावर लगेच कोणी म्हणेल, संरक्षणाच्या बाबतीत प्रश्न विचारू नका. भंगारात गेलेल्या नौकेच्या पाइपवर कसले आवरण होते, यात कोणते लष्करी गुपित उरते? ब्रिटनमध्ये 1987 पूर्वीच्या घटनांसाठी सैनिकांना संरक्षण खात्यावर दावाही लावता येत नाही. तरी माजी सैनिकांच्या संघटनांनी रेटा लावला आणि 2016 पासून मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकाला 1 लाख 40 हजार पौंड एकरकमी घेण्याचा पर्याय मिळाला. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याकडे तर नौदलातल्या कोणत्या कामात ॲस्बेस्टॉसशी संपर्काची शक्यता किती, याचा तक्ताच आहे. त्यांची सैन्ये त्यामुळे दुबळी झाली नाहीत.

आमच्या मागण्या

एक, निवृत्त आणि मोडीत काढलेल्या प्रत्येक वाफेच्या नौकेतील ॲस्बेस्टॉसची यादी जाहीर करा. दोन, बॉयलर, इंजिन, दुरुस्ती आणि सफाई या कामांवर असलेल्या माणसाला असा आजार झाला, तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरा, मग निवृत्तीला कितीही वर्षे झालेली असोत. तीन, हाच नियम गोदी, कंत्राटी आणि जहाजतोड कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना लावा. फक्त गणवेशवाल्यांपुरती मागणी केली, तर आपणच उतरंडीत एक मडके वाढवू.

सैनिकांच्या प्रश्नावर अर्ज करण्याची आपली परंपरा जुनी आहे. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली अर्ज लिहिला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळेंनी 1910 साली थेट भारतमंत्र्याला लिहिले. बाबासाहेब स्वतः सुभेदाराचे पुत्र होते, आणि 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी कामगाराच्या आरोग्यविम्याचा पाया घातला. संविधानाचे कलम 39 कामगारांच्या आरोग्याचा गैरवापर होऊ देऊ नका असे राज्याला सांगते, आणि राज्य स्वतः मालक असते तेव्हा ही जबाबदारी दुप्पट होते.

तेव्हा कामाला लागा. आपल्या वस्तीत, विहारात नौदलातून किंवा गोदीतून निवृत्त झालेले कोण आहेत ते शोधा. कोणत्या जहाजावर, कोणत्या वर्षी, कोणते काम केले, ते त्यांच्या तोंडून लिहून घ्या. डिस्चार्ज बुकाची प्रत काढा. धाप लागत असेल तर डॉक्टरला आधी कामाचा इतिहास सांगा, मग खोकल्याचा. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुण्यातच आहे. तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. माहितीच्या अधिकारात नौकांच्या याद्या मागा. सरकारने नोंद ठेवली नाही, तर ती आपण करू, आणि तीच घेऊन लवादापुढे उभे राहू.

जय भीम! जय संविधान!