जलपर्णीचें खत : एक इशारा

उन्हाळा लागला कीं पुण्याखालीं मुळा-मुठेच्या पात्रांत व उजनीच्या जलाशयांत जलपर्णीचा हिरवा थर पसरतो. ती फुकट मिळते, तेव्हां तिचें खत करून शेतांत घालावें, असा उपदेश शेतकरी बंधूंस वारंवार केला जातो. त्यास आमचा सरसकट विरोध नाहीं. परंतु ज्या पाण्यांत कारखान्यांचें सांडपाणी मिसळतें, तेथील जलपर्णीविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

मूळची दक्षिण अमेरिकेंतील ही वनस्पति पाण्यांतील शिसें, कॅडमियम, पारा, निकेल इत्यादि जड धातु शोषून घेते, हें खरें आहे. अमेरिकेंतील मिसिसिपी संस्थानांत 'नासा'च्या प्रयोगशाळेंत वुल्व्हर्टन या शास्त्रज्ञानें १९७५ च्या सुमारास तसे प्रयोग केले. शोषलेल्या धातूंचा मोठा भाग तिच्या लोंबत्या मुळ्यांत सांठतो. पानांत त्या मानानें कमी जातो.

खरी गोम पुढेंच आहे. शेण कुजतें, पाला कुजतो. धातु कुजत नाहीं. जलपर्णी पाण्यांतच सडली तर तो पुन्हां पाण्यांत उतरतो, आणि शेतांत घातली तर मातींत. शिवाय तिच्या वजनांत नऊ-दशांशांहून अधिक पाणीच असतें; तें आटल्यावर उरलेल्या खतांत धातूचें प्रमाण उलट वाढतें. मातींतील कॅडमियम पिकांत चढतें, याची साक्ष जपान देईल. तेथें जिंझू नदीच्या पाण्यांत खाणीचें कॅडमियम मिसळलें, तें भातांत उतरलें, आणि 'इताई-इताई' नांवाच्या रोगानें माणसांचीं हाडें ठिसूळ झालीं. हें कारण तेथील सरकारनें १९६८ सालीं मान्य केलें.

म्हणून आमचें मत स्पष्ट आहे. जलपर्णीनें पाणी शुद्ध करावयाचें असेल, तर ती सडण्यापूर्वीं काढून तिची निराळी विल्हेवाट लावावी, व तो खर्च सांडपाणी सोडणारानें सोसावा. तिचें खत कोणी देऊं लागल्यास आधीं तपासणीचा दाखला मागावा. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशांत शहरी कंपोस्टासाठीं दर किलोस कॅडमियम ५ मिलिग्रॅम व शिसें १०० मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे. दाखला नसेल तर खत बांधाच्या आंत येऊं देऊं नये. अशी जलपर्णी गुरांसही घालूं नये.

धातु कारखान्याच्या दारांतच अडविला पाहिजे. तो नदींत सोडून मग एका वनस्पतीवर हवाला ठेवणें म्हणजे दुसऱ्याचें विष आपल्या जमिनींत पुरून घेणें होय. जमीन एकदां नासली म्हणजे ती पुढच्या पिढीसही पुरती सुधारतां येत नाहीं, हें आमच्या बंधूंनीं विसरूं नये.