तेजपूरला काय ऐकू आले?

युद्धकाळात नेत्याने जनतेशी कसे बोलावे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा वक्तृत्वात शोधले जाते. माझ्या मते ते श्रोत्यात शोधायला हवे. आणि तेही धोक्याच्या सर्वांत जवळ असलेल्या श्रोत्यात. नोव्हेंबर १९६२ मधले पंडित नेहरूंचे आकाशवाणीवरील भाषण या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगे आहे.

१२ ऑक्टोबर १९६२ रोजी कोलंबोला निघताना नेहरूंनी पत्रकारांना सांगितले होते की, चिन्यांना आपल्या भूमीवरून हटवण्याचे आदेश लष्कराला दिलेले आहेत. त्या वेळी नामका चूच्या काठी उभ्या असलेल्या आपल्या जवानांपाशी थंडीचे पुरेसे कपडेही नव्हते. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला चढवला आणि महिनाभरात से ला व बोमडिला पडले. मग नेहरू देशाशी बोलले. बोमडिलाचे वृत्त त्यांनी लपवले नाही. लढत राहण्याचा निर्धारही व्यक्त केला. परंतु आसामच्या जनतेविषयी कळवळ्याने जे उद्गार काढले, ते तिथे सांत्वन म्हणून नव्हे, निरोप म्हणून ऐकले गेले. तेजपुरात प्रशासन कोलमडले होते, बँकेतील नोटा जाळल्या जात होत्या, माणसे ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण तीराकडे धावत होती. ही पळापळ भाषणामुळे झाली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण आता काय करायचे आणि आपल्यासोबत कोण थांबणार आहे, या तेजपूरकराच्या दोन प्रश्नांना त्या भाषणात उत्तर नव्हते. नेहरूंची व्यथा खरी होती. मात्र व्यथा म्हणजे दिलासा नव्हे.

याउलट ४ जून १९४० चे चर्चिल यांचे भाषण पाहावे. डंकर्कहून ३,३८,००० हून अधिक सैनिक सुटून आले होते आणि देश आनंदात होता. चर्चिल यांनी कॉमन्स सभागृहात त्या आनंदाला आवर घातला: सुटका म्हणजे विजय नव्हे, फ्रान्स-बेल्जियममध्ये घडले ते प्रचंड लष्करी अरिष्ट आहे. आधी हानीचा हिशेब, मग एकटे पडलो तरी लढण्याचा निश्चय. हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्याने तोटा सांगितला, त्याच्याच निश्चयावर विश्वास बसतो.

अर्थात चर्चिलही याबाबतीत निष्कलंक नव्हते. १७ जून १९४० रोजी ‘लँकास्ट्रिया’ हे जहाज बुडून हजारो माणसे मेली. ती बातमी त्यांनी कित्येक आठवडे दाबून ठेवली. जहाज शत्रूच्याच बॉम्बनी बुडाले होते. म्हणजे हे गुपित स्वकीयांपासून राखलेले होते. गोपनीयतेची मर्यादा मला इथे दिसते. सैन्याच्या हालचाली, पुढचे बेत जरूर झाकावेत; पण जे शत्रूला ठाऊक आहे, ते आपल्या माणसांपासून लपवण्यात संरक्षण कुणाचे होते?

युद्धानंतरही हे कर्तव्य संपत नाही. संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत पराभवाच्या चौकशीचे निष्कर्ष मांडले. प्रशिक्षण, साधनसामग्री, नेतृत्व यांतील उणिवा मान्य केल्या. मूळ हेंडरसन ब्रूक्स अहवाल मात्र गोपनीयच ठेवण्यात आला. सरकारने जनतेवर अर्धाच विश्वास टाकला.

राजधानीत भाषण लिहिणाऱ्याने म्हणूनच कागद खाली ठेवण्यापूर्वी एकदा विचारावे: हे तेजपूरला कसे ऐकू येईल?